सोसायटीच्या डीव्हीआरचं नेटवर्क सेटिंग: वायरपासून मोबाईलपर्यंत

वॉचमनच्या केबिनमधल्या मॉनिटरवर सोळाच्या सोळा चौकोन स्वच्छ दिसतायत आणि सेक्रेटरींच्या मोबाईलवर मात्र 'डिव्हाइस ऑफलाइन'. ठाण्यात घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत कमिटीवरच्या माणसाला विचारा, ही तक्रार त्याला तोंडपाठ असते. कॅमेरेवाल्याला फोन केला की तो व्हिजिटचे पैसे सांगतो, दोन दिवसांनी येतो, दहा मिनिटं माउस फिरवतो आणि निघतो. त्या दहा मिनिटांत तो काय करतो, हे कमिटीतल्या निदान एका माणसाला यायला हवं. काम अवघड नाही, पण ते क्रमाने करावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे घाबरगुंडी उडणार नाही. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र हार्ड डिस्कवर साठवणाऱ्या मशीनचं, रेकॉर्डिंग इंटरनेटवर अवलंबून नसतं. नेट आठवडाभर बंद असलं तरी हार्ड डिस्कवर लिहिणं चालूच राहतं. नेटवर्क सेटिंग बिघडल्याने अडतं ते लांबून बघणं, घड्याळ आपोआप जुळणं आणि मोबाईलवर येणारे अलर्ट. एनव्हीआर असेल तर मात्र जरा वेगळं. त्याचे कॅमेरेच नेटवर्कवर असतात, त्यामुळे तिथे आतलं नेटवर्क बिघडलं की रेकॉर्डिंगही जातं. आपल्याकडे कोणतं मशीन आहे हे मागच्या बाजूला बघून कळतं. गोल, फिरवून अडकवायच्या बीएनसी पिनांची रांग असेल तर डीव्हीआर. टेलिफोनच्या जॅकसारखे पण थोडे रुंद असे आरजे-४५ चे पोर्ट रांगेने असतील तर एनव्हीआर.

हाताशी काय असू द्यावं

डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड, राउटरचा पासवर्ड, एक माउस, मॉनिटर, एक लॅपटॉप आणि चालू असल्याची खात्री असलेली एक लॅन केबल. यात सगळ्यात दुर्मिळ वस्तू म्हणजे ॲडमिन पासवर्ड. बऱ्याच सोसायट्यांत तो फक्त बसवणाऱ्या माणसाकडे असतो, आणि तो माणूस तीन कमिट्यांपूर्वीचा असतो. पासवर्ड अंदाजाने टाकत बसू नका, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं थोडा वेळ लॉक होतं. लॉगिनच्या पडद्यावर 'फरगॉट पासवर्ड' असतं. त्यात नोंदवलेल्या ईमेलवर कोड येतो किंवा क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. ईमेल बसवणाऱ्याचाच असेल तर त्याला गाठण्यावाचून इलाज नाही, नाहीतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला बिल आणि सिरियल नंबर घेऊन जावं लागतं.

मशीन उलटं करून खालच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. मॉडेल, सिरियल नंबर आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर मशीनची ओळख सांगणारा त्याचा स्वतःचा नंबर) तिथे छापलेले असतात आणि पुढे तिन्ही लागतात.

वायर आधी, मेनू नंतर

मेनूत शिरण्याआधी मागचा लॅन पोर्ट बघा. केबल खोचल्यावर पोर्टच्या कडेला दोन बारीक दिवे लागतात. साधारणपणे एक स्थिर असतो, जोडणी झाली हे सांगणारा, आणि दुसरा लुकलुकतो, म्हणजे माहिती ये-जा करतेय. काही मशीनमध्ये दोन्ही कामं एकच दिवा करतो. एकही दिवा लागत नसेल तर सेटिंगमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. आधी केबल बदला, मग राउटरचा दुसरा पोर्ट वापरून बघा.

राउटरकडचं टोक 'लॅन' लिहिलेल्या पोर्टमध्येच जायला हवं. 'वॅन' लिहिलेला पोर्ट नेट कंपनीच्या वायरसाठी असतो.

तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे. चार विंगच्या सोसायटीत नेटचं कनेक्शन ए विंगमधल्या ऑफिसात आणि डीव्हीआर गेटजवळच्या केबिनमध्ये असेल, तर जिन्यातून, डक्टमधून, पार्किंगच्या छताखालून फिरत फिरत केबल शंभराच्या पुढे सहज जाते. मग नेट कधी मिळतं, कधी नाही, आणि सगळे सॉफ्टवेअरला दोष देतात. मध्ये एक नेटवर्क स्विच, म्हणजे लॅन केबली जोडायचा डबा, टाकला की अंतर पुन्हा शून्यापासून मोजता येतं. पण दोन इमारतींच्या मधून उघड्यावरून केबल जात असेल तर मी तांबं टाकूच नका म्हणेन. पावसाळ्यात जवळपास वीज पडली की त्या लांबच लांब तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. फायबर आणि दोन्ही टोकांना ते लॅन केबलशी जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लावले की हा धोका टळतो, कारण काचेतून वीज वाहत नाही. मात्र केबलमध्ये आधारासाठी लोखंडी तार असेल, तर ती मशीनच्या बॉडीला टेकू देऊ नका.

राउटरची सिरीज कोणती?

सगळ्या घोटाळ्यांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

राउटर आपल्या नेटवर्कमधल्या प्रत्येक मशीनला एक आयपी ॲड्रेस देतो. घरगुती आणि सोसायटीच्या नेटवर्कमध्ये तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, कधी १० ने, क्वचित १७२.१६ ते १७२.३१ च्या दरम्यान. हे तीन गट खासगी नेटवर्कसाठीच राखून ठेवलेले आहेत; खुल्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. चारपैकी पहिले तीन आकडे, म्हणजे आपले इन्स्टॉलर ज्याला 'सिरीज' म्हणतात, ते राउटर आणि डीव्हीआर दोघांचे सारखे असले पाहिजेत. शेवटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा.

आता गंमत बघा. दाहुआ आणि हिकव्हिजन या कॅमेरे बनवणाऱ्या दोन चिनी कंपन्या. दाहुआच्या आणि त्याच बनावटीच्या बऱ्याच मशीनमध्ये कारखान्यातून १९२.१६८.१.१०८ हा पत्ता भरलेला येतो. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत १९२.१६८.१.६४ असायचा. आणि जिओफायबरचा राउटर स्वतः असतो १९२.१६८.२९.१ वर. म्हणजे मशीन '१' च्या सिरीजमध्ये, राउटर '२९' च्या. वायर उत्तम, दिवे लुकलुकतायत, आणि तरी दोघांची कधीच गाठ पडणार नाही. जुन्या केबलवाल्याचं कनेक्शन बंद करून नवीन फायबर घेतलं आणि त्याच दिवशी मोबाईलवरचे कॅमेरे गेले, अशी कहाणी कुणी सांगितली तर पुढचं ऐकायची गरज नसते.

सिरीज शोधायची अशी. लॅपटॉप त्याच राउटरला जोडा. विंडोजमध्ये स्टार्टला सीएमडी शोधा, काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा शब्द सलग, इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. खूप ओळी येतात, त्यातल्या तीनच आपल्या कामाच्या. समजा त्या अशा आहेत:

आयपीव्ही४ ॲड्रेस: १९२.१६८.२९.४१
सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
डिफॉल्ट गेटवे: १९२.१६८.२९.१

या लेखात आकडे देवनागरीत आहेत, मशीनमध्ये अर्थात इंग्रजी आकडेच टाकायचे. गेटवे म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता. तो आणि सबनेट मास्क वहीत उतरवा. लॅपटॉप नसेल तर मोबाईल त्या वायफायला जोडून त्या नेटवर्कचा तपशील उघडा, बहुतेक फोनमध्ये हीच माहिती तिथे मिळते. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, त्याने स्वतःच एक ठरवून घेतला. मग पुन्हा वायर तपासा.

मॉनिटर नसेल आणि मशीनचा सध्याचा पत्ता माहीत नसेल तरी वाट आहे. हिकव्हिजनचं एसएडीपी आणि दाहुआचं कॉन्फिगटूल ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकली की ती त्या वायरवरची आपल्या कंपनीची मशीन शोधून काढतात, सिरीज वेगळी असली तरीही.

पत्ता आपोआप की कायमचा

मेनूत 'डीएचसीपी' नावाचा एक चौकोन असतो. त्यावर टिक असेल तर राउटर देईल तो पत्ता मशीन घेतं. टिक काढली तर पत्ता आपण भरायचा.

डीएचसीपीचा पत्ता अलॉट न केलेल्या पार्किंगसारखा असतो. आज इथे गाडी लागली म्हणून उद्याही इथेच लागेल याची खात्री नाही. वीज जाऊन आली, राउटर आणि डीव्हीआर मागेपुढे सुरू झाले, की पत्ता बदलू शकतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकून कॅमेरे बघत असाल तर त्या सॉफ्टवेअरला जुनाच पत्ता माहीत असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे काळा पडदा दिसतो.

तरीही 'स्टॅटिकच ठेवा', म्हणजे पत्ता कायमचाच भरा, हा इन्स्टॉलरांचा सरसकट नियम मला पटत नाही. कोपरखैरण्याच्या एखाद्या रो-हाऊसमध्ये चार कॅमेरे आहेत आणि ते फक्त कंपनीच्या मोबाईल ॲपवर बघितले जातात, तिथे डीएचसीपी चालू ठेवणंच शहाणपणाचं. ॲप मशीनला सिरियल नंबरवरून ओळखतं, आयपीवरून नाही. उद्या राउटर बदलला तरी मशीन नवा पत्ता घेऊन आपोआप ऑनलाइन येतं. पण ऑफिसातला कॉम्प्युटर, दुसऱ्या केबिनमधला मॉनिटर किंवा नेटवर्कवरचे आयपी कॅमेरे यांपैकी काहीही असेल, म्हणजे बहुतेक मोठ्या सोसायट्यांत, तिथे पत्ता कायमचाच हवा.

कायमचा पत्ता निवडताना तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा निवडायचा. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून राउटर उघडा, डीएचसीपीच्या पानावर सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता दिसतो. समजा तो २ पासून २५४ पर्यंत आहे, म्हणजे सगळं रानच मोकळं सोडलंय. शेवटचा पत्ता १९९ करा आणि सेव्ह करा. आता २०० पासून पुढचे आकडे तुमचे. डीव्हीआरला २००, आयपी कॅमेरे असतील तर २०१ पासून पुढे. काही राउटरमध्ये ही मर्यादा बदलता येत नाही. तिथे 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि डीव्हीआरचा मॅक ॲड्रेस टाकून त्याच्या नावावर एक पत्ता राखून ठेवा; मग डीव्हीआरमध्ये डीएचसीपीची टिक तशीच राहू द्यायची.

निवडलेला पत्ता दुसऱ्या कुणाकडे नाही ना, हे लॅपटॉपवरून पिंग करून, म्हणजे त्याच काळ्या खिडकीतून त्या पत्त्याला हाक मारून बघा. उत्तर आलं तर तिथे कुणीतरी आहे, आणि ते बहुतेक वेळा ऑफिसातलं प्रिंटर निघतं. उत्तर आलं नाही म्हणजे पत्ता शंभर टक्के मोकळा असंही नाही, काही उपकरणं पिंगला उत्तर देत नाहीत. पण राउटरच्या वाटपाबाहेरचा आकडा असेल तर सहसा अडचण येत नाही.

डीव्हीआरमध्ये भरायचं काय

मुख्य मेनूत जाऊन नेटवर्क आणि त्यात टीसीपी/आयपी उघडा. नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, रकाने तेच.

डीएचसीपीची टिक काढा. आयपी ॲड्रेसमध्ये १९२.१६८.२९.२००. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे १९२.१६८.२९.१. माउसने पडद्यावरचा कीबोर्ड दाबत हे टाकताना एका रकान्यातून दुसऱ्यात उडी मारली जाते आणि एखादा आकडा अर्धवट राहतो. सेव्ह करण्यापूर्वी प्रत्येक रकान्यातले चारही आकडे मोठ्याने वाचून वहीशी ताडून बघा.

मग डीएनएस. या रकान्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं आणि अर्धी दुखणी इथेच असतात. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधणं. कंपनीच्या सर्व्हरला मशीन नावाने हाक मारतं. डीएनएस चुकीचा असेल तर इंटरनेट चालू, पिंग चालू, आणि तरीही ॲपवर ऑफलाइन. पहिल्या रकान्यात ८.८.८.८ आणि दुसऱ्यात १.१.१.१ टाका. पहिला गूगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा. पहिल्यात राउटरचाच पत्ता टाकला तरी चालतं.

एमटीयू नावाचा रकाना १५०० वर असतो. त्याला हात लावू नका.

मागे पीओई पोर्ट, म्हणजे लॅन केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारे पोर्ट, असलेला एनव्हीआर असेल तर एक जास्तीची गोष्ट दिसेल. कॅमेऱ्यांसाठी त्याचं आत वेगळंच नेटवर्क असतं. हिकव्हिजनमध्ये ते १९२.१६८.२५४.१ वर, दाहुआमध्ये १०.१.१.१ वर असतं. तो आतला पत्ता बदलायचं कारण नाही. फक्त तुमच्या राउटरची सिरीज योगायोगाने तीच नाही ना एवढं बघा. दोन्ही सारखे झाले तर माहिती कुठल्या बाजूला पाठवायची हे मशीनला कळेनासं होतं.

'अप्लाय' दाबा. नुसतं उजव्या क्लिकने बाहेर पडलात तर काही मॉडेलमध्ये भरलेलं सगळं वाहून जातं.

आतून बाहेर तपासत जा

मेनूत नेटवर्क टेस्ट किंवा नेटवर्क डिटेक्शन असतं, त्यात पिंगची सोय असते. तीन पायऱ्या, याच क्रमाने.

पहिली, गेटवेला पिंग, म्हणजे १९२.१६८.२९.१. उत्तर नाही आलं तर दोष इमारतीच्या आत आहे: वायर, सिरीज किंवा मास्क. नेट कंपनीला फोन करून उपयोग नाही.

दुसरी, ८.८.८.८ ला पिंग. गेटवे उत्तर देतो पण हा देत नाही, तर एकतर गेटवेचा रकाना चुकलाय किंवा नेटच बंद आहे. मोबाईल त्याच वायफायवर टाकून एखादी वेबसाइट उघडून बघा, लगेच कळेल. घोडबंदर रोडला खोदकाम चालू असलं की बऱ्याचदा नेटच बंद निघतं.

तिसरी, एखाद्या वेबसाइटचं नाव टाकून पिंग. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएस.

मग लॅपटॉपवर ब्राउझर उघडून डीव्हीआरचा पत्ता टाका. लॉगिनचं पान आलं की आतलं काम झालं. जुन्या मशीनमध्ये लॉगिन होतं पण चित्राच्या जागी प्लगिन मागितलं जातं. ते इंटरनेट एक्सप्लोररच्या जमान्यातलं आहे, आणि तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निवृत्त केला. एज ब्राउझरमध्ये आयई मोड चालू करून काम भागतं. त्यापेक्षा कंपनीचं कॉम्प्युटरसाठीचं सॉफ्टवेअर टाकलेलं बरं.

घड्याळ

मोबाईलवर दिसलं की लोक इथपर्यंत येतच नाहीत. माझ्या मते मोबाईलपेक्षाही हे महत्त्वाचं.

पार्किंगमधून बाइक गेली, पोलीस आले, 'रात्री दोन ते तीनचं फुटेज द्या' म्हणाले. डीव्हीआरचं घड्याळ अठरा मिनिटं मागे असेल तर तुम्ही भलताच तुकडा द्याल, आणि त्या अठरा मिनिटांचा खुलासा पुढे कुणालातरी करावा लागेल. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. त्या कागदावर सही करणाऱ्या माणसाने घड्याळाबद्दल निःशंक असलेलं बरं.

तारीख-वेळेच्या मेनूत आधी टाइम झोन बघा. चिनी बनावटीच्या मशीनमध्ये तो कधी कधी +८ वर असतो, म्हणजे बीजिंगचा. तो तसाच ठेवून एनटीपी चालू केलं की मशीन इंटरनेटवरून अचूक वेळ आणतं आणि अचूकपणे अडीच तास पुढे दाखवतं. झोन +५:३० करा. डीएसटी बंद करा, आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढेमागे करायची पद्धत नाही. मग एनटीपी चालू करून सर्व्हरच्या रकान्यात 'इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग' टाका. पोर्ट १२३. दिवसातून एकदा वेळ जुळवली तरी पुरे.

एनटीपी असूनही वीज गेली की तारीख थेट २००० सालात जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. हार्ड डिस्क बदलायला मशीन उघडाल तेव्हा तोही बदलून घ्या.

मोबाईलवर आणणं

नेटवर्कच्या मेनूत पीटूपी किंवा प्लॅटफॉर्म ॲक्सेस असं काहीतरी असतं, मशीनला कंपनीच्या सर्व्हरमार्फत ॲपशी जोडणारं. ते चालू करा. स्टेटस 'ऑनलाइन' झाल्यावरच ॲपकडे वळा. हिकव्हिजनमध्ये इथे एक व्हेरिफिकेशन कोड ठरवावा लागतो, तो वहीत लिहा. मग ॲपमधून पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की झालं.

फक्त स्कॅन कुणाच्या मोबाईलने करायचं, हा खरा प्रश्न. ज्या खात्यातून मशीन पहिल्यांदा जोडलं जातं ते खातं मालक ठरतं. ते बसवणाऱ्याचं असेल तर तुमच्या लहान मुलांची खेळायची जागा एका परक्या माणसाच्या मोबाईलवर चालू राहते, आणि तुम्ही जोडायला गेलात तर 'हे उपकरण दुसऱ्या खात्यात आहे' असा संदेश येतो. सोसायटीच्या नावाने एक ईमेल काढा, त्यावर ॲपचं खातं उघडा, त्यात मशीन जोडा आणि तिथून सेक्रेटरी, खजिनदार यांना 'शेअर' करा. कमिटी बदलली की शेअर काढून घ्यायचं. ॲडमिनचा पासवर्ड वाटत फिरू नका. डीव्हीआरमध्ये फक्त बघण्याचा अधिकार असलेला वेगळा युजर तयार करता येतो. आणि सगळ्या सभासदांना लाइव्ह द्यावं असा ठराव कुणी मांडला तर माझं मत विरोधात धरा. कोण किती वाजता कुणाबरोबर आलं याची चर्चा ग्रुपवर सुरू व्हायला दोन दिवस पुरतात.

चित्र अडकत असेल तर स्ट्रीम बघा. प्रत्येक कॅमेरा दोन प्रवाह देतो. मेन स्ट्रीम रेकॉर्डिंगसाठी: १०८० पी चित्र एच.२६५ या चित्र आवळायच्या पद्धतीत सेकंदाला साधारण २ मेगाबिट घेतं. सब स्ट्रीम हलका, अर्ध्या मेगाबिटवर ठेवता येतो. सोळा कॅमेरे एकदम उघडले तर मेन स्ट्रीमला ३२ मेगाबिट लागतील, सब स्ट्रीमला ८. आणि हे अपलोड आहे, डाउनलोड नव्हे. नेट कंपनीच्या जाहिरातीतला मोठा आकडा पुष्कळदा डाउनलोडचाच असतो. मोबाईलवर सगळे कॅमेरे एकत्र बघताना सब स्ट्रीम, एकच मोठा करून बघताना मेन स्ट्रीम, असं ठेवा.

'पोर्ट फॉरवर्ड करून देतो' म्हणाला तर

अजूनही काही इन्स्टॉलर राउटरमध्ये पोर्ट उघडून देतात, म्हणजे इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची नंबर दिलेली वाट मोकळी करतात. दाहुआचं ३७७७७, हिकव्हिजनचं ८०००, व्हिडिओसाठी ५५४, ब्राउझरसाठी ८०. त्यासाठी नेट कंपनीकडून पब्लिक आयपी, म्हणजे खुल्या इंटरनेटवर चालणारा पत्ता, मिळावा लागतो. तो आहे का हे बघायला राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅन आयपी वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या मोठ्या सामाईक पत्त्यामागे आहात आणि बाहेरून थेट वाट नाही. नेटवाल्याशी होणारं बोलणं ठरलेलं असतं:

"दादा, आपल्या लाइनला पब्लिक आयपी आहे का?"

"नाही काका, सगळे प्रायव्हेटवरच आहेत. स्टॅटिक पाहिजे असेल तर वेगळे पैसे पडतील."

ते पैसे देऊ नका. बाहेरून थेट वाट नसणं ही इथे अडचण नव्हे, सोय आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने इंटरनेटवर उघडे पडलेले डीव्हीआर आणि कॅमेरे शोधून, कारखान्यातून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड टाकून बघत ते ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच मशीनच्या फौजेने डाइन या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अनेकांना काही तास उघडेनात. ज्यांचे डीव्हीआर त्यात वापरले गेले, त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही लागला नसेल. पोर्टचा आकडा ३७७७७ ऐवजी दुसरा ठेवला की सुरक्षित, असं कुणी म्हणेल. त्याने उगाच टकटक करणारे कमी होतात, शोधणाऱ्याला तो सापडतोच.

म्हणून: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत जुनी काही नोंद असेल तर काढून टाका. यूपीएनपी राउटरमध्ये आणि डीव्हीआरमध्ये, दोन्हीकडे बंद करा, कारण ते चालू असेल तर मशीन स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेऊ शकतं. टेलनेट किंवा एसएसएच (लांबून मशीनमध्ये शिरून हुकूम द्यायच्या सोयी) दिसलं तर तेही बंद. कंपनीच्या क्लाउडवर विश्वास नसेल तर राउटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद बोगदा, बसवा आणि त्यातून बघा. एकदाच मेहनत आहे. फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साइटवरून, नेमक्या आपल्या मॉडेलचं घ्या, आणि ते टाकताना मशीन यूपीएसवर असू द्या.

वॉचमनला, हाऊसकीपिंगला, सभेला आलेल्या पाहुण्यांना द्यायचा वायफाय पासवर्ड डीव्हीआरच्या नेटवर्कचा नसावा. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते त्यासाठीच. वेगळा राउटर जोडणार असाल तर एक लक्षात ठेवा: दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टला वायर दिली की त्याच्यामागे वेगळी सिरीज तयार होते. पाहुण्यांना त्यामागे ठेवायला ते बरं दिसतं, पण तिथून पहिल्या राउटरवरचा डीव्हीआर बऱ्याचदा दिसतोच. उलट, डीव्हीआर दुसऱ्याच्या मागे ठेवला तर तो झाकला जातो. तेव्हा पाहुणे पहिल्यावर, डीव्हीआर आणि ऑफिसचा कॉम्प्युटर दुसऱ्यावर.

नेट कंपनी बदलताना

सगळं जुळल्यावर मेनूतून कॉन्फिगरेशन पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करा. वहीत लिहा: मॉडेल, सिरियल नंबर, आयपी, मास्क, गेटवे, डीएनएस, राउटरच्या वाटपाची हद्द, ॲपचं खातं. पासवर्ड वेगळ्या बंद लिफाफ्यात, सेक्रेटरींच्या कपाटात.

पुढे कधी स्वस्त प्लॅन मिळाला म्हणून कनेक्शन बदलायचं ठरलं, तर नवीन राउटर लावायला आलेल्या मुलाला लगेच सोडू नका. एकतर त्याच्याकडून नव्या राउटरची सिरीज जुनीच करून घ्या, म्हणजे लॅनच्या पानावर राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ आणि वाटपाची हद्द १९९ पर्यंत. मग डीव्हीआर, कॅमेरे, प्रिंटर, कुणालाच हात लावावा लागत नाही. कंपनी तेवढं करू देत नसेल तर वही उघडा, आयपी आणि गेटवेमधला तिसरा आकडा नव्या सिरीजप्रमाणे बदला, पहिल्या डीएनएसमध्ये राउटरचा पत्ता असेल तर तोही, आणि तिन्ही पिंग त्या मुलासमोरच करून बघा.